बिनतारी तक्रारी : तिसऱ्यानंतर चौथा राऊटर?

गेल्या अंकात वायफायबद्दलच्या तक्रारी मागवल्या आणि पत्रांचा ढीग पडला. मला त्याचं नवल वाटलं नाही. सांगलीतल्या एका केबलवाल्याच्या ऑफिसात मी एकोणीस वर्षं तक्रारींचा फोन उचललाय, आणि शेवटची काही वर्षं पोरं कमी पडायची म्हणून स्वतः शिडी घेऊन फिरलेय. "नेट नाही" एवढंच बोलून लोक फोन ठेवायचे. पत्रात तसं होत नाही. माणूस जरा सविस्तर लिहितो, आणि बिघाड कुठं आहे ते बहुतेक वेळा त्याच्याच एखाद्या वाक्यात सापडतं. पहिलं पत्र तसंच आहे.

प्रश्न : ताई, आम्ही कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो, टू बीएचके. रोज संध्याकाळी साडेसात वाजले की वायफाय जातं. राऊटरचे सगळे दिवे विझतात, पुन्हा लागतात, दोन-तीन मिनिटांनी नेट येतं, परत जातं. राऊटरशेजारचा फायबरचा पांढरा डबा मात्र चालूच असतो. साडेदहानंतर काही त्रास नाही. मिस्टरांच्या मीटिंगा नेमक्या तेव्हाच असतात, मुलाचा क्लास असतो, सासूबाईंची मालिकाही नेटवरच. दोन वर्षांत दोन राऊटर बदलले. पहिला नेट घेताना मिळालेला, मग दोन अँटेनांचा, आता चार अँटेनांचा. दोन्ही वेळा जुन्याचीच पिन नव्याला बसली हे नशीब, नाहीतर अडॅप्टरसाठी अख्खं टीव्ही युनिट हलवावं लागलं असतं. सासूबाई आठच्या सुमाराला मायक्रोवेव्हमध्ये भाजी गरम करतात, त्यानंच नेट जातं असं मिस्टर म्हणतात. त्यावरून घरात रोज कुरबुर. आता सहा अँटेनांचा घ्यायचं चाललंय. कोणता घेऊ?
– एक वाचक, पुणे

उत्तर : कोणताच घेऊ नका. आधी सासूबाईंची माफी मागायला सांगा मिस्टरांना.

मायक्रोवेव्हचा आणि वायफायचा संबंध आहे, ते खोटं नाही. मायक्रोवेव्ह चालतो साधारण २४५० मेगाहर्ट्‌झवर आणि जुनं, सगळ्यांच्या ओळखीचं २.४ गिगाहर्ट्‌झचं वायफाय त्याच पट्टीत बसतं. भट्टीच्या दारातून जरा गळती झाली की भाजी गरम होईपर्यंत दोन मिनिटं नेट अडखळतं. पण अडखळतं फक्त. मायक्रोवेव्हमुळे राऊटरचे दिवे विझत नाहीत. तुमचा राऊटर रेंज गमावत नाहीये, तो बंद पडून पुन्हा सुरू होतोय. पांढरा डबा चालू राहतो म्हणजे घरातली लाइटही जात नाहीये. मग राहिलं काय? तुम्ही ज्याला नशीब म्हणालात ते.

पिन बसली म्हणजे अडॅप्टर चालतो असं नाही. टीव्ही युनिटमागचा तो जुना अडॅप्टर एकदा मोबाइलचा टॉर्च मारून वाचा. पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत 'आउटपुट' असं लिहिलेलं असतं. पहिल्या साध्या राऊटरबरोबर आलेला असेल तर बहुधा १२ व्होल्ट, ०.५ अँपिअर निघेल. आता चार अँटेनांच्या राऊटरच्या पोटाखालचं लेबल बघा. तिथं १२ व्होल्ट, १ किंवा १.५ अँपिअर असेल. व्होल्ट जुळले म्हणून दिवे लागले. पण जुना देणार सहा वॅट, आणि नव्याला ऐन कामाच्या वेळी बारा-अठरा वॅटपर्यंत लागू शकतात. दोघांपुरता भात लावायचा आणि पंगत सहाची बसवायची, असा प्रकार. दिवसा घरात दोन फोन असतात, भात पुरतो. साडेसातला टीव्ही, लॅपटॉप, टॅब, चार मोबाइल एकदम पानावर बसतात. राऊटर जास्त वीज ओढतो, अडॅप्टरचे व्होल्ट खाली येतात, आतली चिप दम टाकते आणि पहिल्यापासून सुरू होते. साडेदहाला पंगत उठते, तुमचा त्रासही थांबतो.

त्यात तो अडॅप्टर टीव्हीमागच्या उकाड्यात कित्येक वर्षं शिजतोय. आतले कॅपॅसिटर उष्णतेनं सुकत जातात, त्यामुळे आहे ती ताकदही उरत नाही. तुमचा पहिला राऊटर संध्याकाळी का दमायचा, त्याचंही कारण मला हेच दिसतं. म्हणजे दोन वर्षांत तुम्ही बदलायचं ते सोडून बाकी सगळं बदललंत.

हसत नाहीये मी. माझ्या स्वतःच्या घरी, विश्रामबागेत, हेच झालं होतं. एकोणीस वर्षं दुसऱ्यांना अक्कल शिकवलेली बाई, महिनाभर वायफायचे चॅनेल बदलत बसले, रिसेट मारले, ऑफिसातल्या पोराला बोलावलं. अडॅप्टर मीटरनं तपासला तर १२.१ व्होल्ट, म्हटलं ठणठणीत आहे. तिथंच फसले. काहीही जोडलेलं नसताना म्हातारा अडॅप्टरही बारा दाखवतो. राऊटर जोडून, दोन मोबाइलवर व्हिडिओ लावून पुन्हा मोजला तेव्हा काटा नऊच्या घरात आला. नवा अडॅप्टर दोन-तीनशे रुपयांत मिळाला, आणि त्या महिनाभरात घरच्यांनी मला जे ऐकवलं ते वेगळंच.

तर युनिट हलवा. नव्या राऊटरचा अडॅप्टर त्याच्या खोक्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, माळ्यावर असणार. तोच लावा, शक्यतो थेट भिंतीतल्या सॉकेटला. ज्या एक्स्टेंशन बोर्डावर पिन हलवली की ठिणगी दिसते, त्याला नको. खोकं टाकून दिलं असेल तर लेबलवरचे व्होल्ट तंतोतंत जुळवून घ्या. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील, कमी नकोत. पिनचं प्लस आत की बाहेर, ते छोटं चित्रही ताडून बघा.

आठवडाभर बघा. तरी गेलं तर मात्र एक तपासणी करा, आणि ही प्रत्येक वाचकानं करावी अशी आहे. पांढऱ्या डब्यातून राऊटरला जाणारी लॅन केबल राऊटरच्या बाजूनं काढून लॅपटॉपला लावा. काही कनेक्शनना युजरनेम-पासवर्ड टाकावा लागतो, तो केबलवाल्याकडून आधीच घेऊन ठेवा. नेट जायच्या वेळी असं तासभर चालवा. इथंही गेलं तर राऊटरला दोष देऊ नका, लाइन खराब आहे, फोन कंपनीला करा. इथं नीट चाललं तर राऊटरमधून निघालेल्या केबलवर बघा. तिथं अडकलं तर राऊटर गेला. तिथंही नीट चाललं आणि फक्त वायफायवर अडकलं, तर भांडण हवेतलं आहे.

हवेतलं भांडण सोसायट्यांमध्ये फार. मोबाइलवर वायफायची यादी उघडा, आजूबाजूची वीस-पंचवीस नावं दिसतील. २.४ ची सगळी पट्टी आहे ८३.५ मेगाहर्ट्‌झची. तिच्यात एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. म्हणजे पंचवीस घरं तीन नळांवर. ५ गिगाहर्ट्‌झला मात्र सरकारनं ऑक्टोबर २०१८ मध्ये परवान्याशिवाय वापरायला एकूण ६०५ मेगाहर्ट्‌झ मोकळे केले, तिथं अजून ऐसपैस जागा आहे. तिची लांब पल्ल्याची ताकद कमी, दोन भिंतींनंतर ती थकते. पण शेजाऱ्यांचं वायफायही भिंतींमुळे तिथं कमीच पोचतं, हा फायदाच. मिस्टरांचा लॅपटॉप आणि टीव्ही ५ वर टाका. स्मार्ट बल्ब, जुने फोन २.४ वर राहू देत, त्यातल्या बऱ्याच वस्तूंना ५ कळतच नाही.

आणि अँटेना मोजणं सोडा. चार असोत की आठ, दुकानदाराला त्या दाखवायला बऱ्या पडतात. खरंच राऊटर घ्यायची वेळ येईल तेव्हा खोक्याची बाजू वाचा. एक, दोन्ही पट्ट्या हव्यात. दोन, मागचे पोर्ट '१०/१००/१०००' हवेत. हे फार जण चुकतात. दोनशेच्या स्पीडचा प्लॅन घेतात, शंभरच्या पोर्टचा राऊटर लावतात आणि स्पीड ९४-९५ च्या वर का जात नाही म्हणून केबलवाल्याशी भांडतात. मी असली भांडणं कानानं ऐकलीत. तीन, वायफाय ६ असेल तर घ्या, दहा-पंधरा वस्तू एकदम जोडलेल्या घरात ते उपयोगी पडतं. खोक्यावरच्या १२०० नावाच्या आकड्याला भुलू नका. तो २.४ चे ३०० आणि ५ चे ८६७ एकत्र करून, वर पूर्ण आकडा केलेला असतो. तुमच्या एका फोनला बाराशे कधीच मिळणार नाहीत.

राऊटर ठेवायचा कुठं, यावर वेगळा लेख होईल. एवढंच सांगते, लोखंडी कपाटावर नको, आरशामागं नको, फ्रिजवर नको. आमच्या सांगलीत २०१९ च्या पुरानंतर कितीतरी घरांनी राऊटर उचलून माळ्यावर ठेवले. पाणी उतरलं, भिंती वाळल्या, राऊटर अजून माळ्यावरच आहेत, जुन्या गाद्यांच्या मध्ये, पत्र्याच्या उष्णतेत. आणि मग "उन्हाळ्यात दुपारी नेट जातं" अशी तक्रार येते.

प्रश्न : आमचं लांज्याजवळ जांभ्याचं जुनं घर आहे, लांबलचक. नेट पडवीत येतं. मुलगी मागच्या माडीवर अभ्यास करते, तिथं रेंज अजिबात नाही. दुकानदारानं रिपीटर दिला, तो तिच्या टेबलाजवळ लावला. काठ्या पूर्ण दिसतात पण काही उघडत नाही. राऊटरच भारीचा घ्यावा का?
– एक पालक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : रिपीटर म्हणजे निरोप्या. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही, तो पुढं काय सांगणार? मुलीच्या फोनवर दिसणाऱ्या काठ्या तिच्या आणि रिपीटरच्या मधल्या आहेत, राऊटरपर्यंतच्या नाहीत. तो टेबलाजवळून उचलून माजघरात, जिथं रेंज अजून निम्मी तरी आहे तिथं लावलात तर थोडं सुधारेल. थोडंच. कारण साधा रिपीटर एकाच पट्टीवर आधी ऐकतो मग बोलतो, त्यात निम्मा वेग जातो. शिवाय जांभ्याच्या जाड भिंती. पावसाळ्यात त्या ओल धरतात आणि पाणी वायफायला खातं. भारीतला राऊटरही तीन भिंतींपुढं हात टेकेल.

तुमच्या घराला तार हवी. लॅनची चांगली, बाहेरच्या वापराची केबल घ्या. कॅट ६ म्हणून मागा, नुसतं "नेटची वायर" म्हणू नका. पडवीपासून वाशांच्या कडेनं माडीपर्यंत न्या. शंभर मीटरपर्यंत चालते, तुमचं घर लांब असलं तरी एवढं नसणार. उंदीर असतील तर पाइपात घाला, आणि कोकणात ते असतातच. माडीवर नवं काही विकत घेऊ नका, घरात पडलेला जुना राऊटर असेल तर तोच लावा. फक्त तीन गोष्टी. केबल त्याच्या वेगळ्या रंगाच्या इंटरनेटच्या भोकात न घालता बाकीच्या चारपैकी एकात घाला. त्याच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी बंद करा, म्हणजे घरात पत्ते वाटणारा एकच राहील. त्याआधी त्याचा स्वतःचा पत्ता, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस, बदला. पडवीतल्याचा शेवट १ असेल तर याचा २ करा. नाव-पासवर्ड दोन्हीकडे सारखे ठेवले की मुलगी फोन घेऊन घरभर फिरली तरी तो आपोआप जवळचा राऊटर धरतो. कधी एखादा फोन हट्टानं लांबचाच धरून बसतो, तेव्हा वायफाय बंद-चालू करायचं.

एक मात्र लक्षात ठेवा. वळवाचा पाऊस गडगडायला लागला की दोन्ही टोकांच्या पिना आणि केबल काढून ठेवा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण तांब्याच्या केबलमधून जवळपास पडलेल्या विजेचा झटका येतो आणि एका दमात दोन्ही डबे जातात. घरापासून वेगळ्या गोठ्याकडे किंवा पाहुण्यांच्या खोलीकडे मोकळ्यावरून न्यायचं असेल तर तांब्याची केबल नकोच. तिथं फायबरचा तुकडा आणि दोन टोकांना कन्व्हर्टर, असं केबलवाला करून देईल.

प्रश्न : मुलानं अमेरिकेहून महागडा राऊटर पाठवलाय. आमच्या केबलवाल्यानं बघितला आणि "चालत नाही" म्हणून परत खोक्यात घातला. खरंच चालत नाही की त्याला जोडायचा कंटाळा?
– एक निवृत्त शिक्षक, नागपूर

उत्तर : दोन्ही शक्य आहे, सर. खोक्यावर 'केबल मोडेम' असं लिहिलंय का बघा. तिकडं बऱ्याच घरांत टीव्हीच्या जाड गोल केबलमधून नेट येतं, आणि त्यासाठीचा मोडेम आणि राऊटर एकाच डब्यात असतो. त्याला मागं स्क्रूची गोल पिन असते. तसा असेल तर आपल्या फायबरवर त्याचा मोडेम बिनकामाचा, केबलवाला खरं बोलला. नुसता राऊटर असेल, मागं इंटरनेटचं चौकोनी भोक असेल, तर तो इथंही चालतो. अडॅप्टरवर इनपुट १००-२४० असल्याची खात्री करा. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०ची. फक्त १२० लिहिलेलं असेल तर लावूच नका, फट् होईल. पिना चपट्या असतात, त्यासाठी कन्व्हर्टर प्लग मिळतो. तिकडचा राऊटर २.४ वर ११ पर्यंतचेच चॅनेल दाखवतो, आपल्याकडं १३ आहेत, त्यानं काही अडत नाही. वॉरंटी मात्र इथं मिळेल अशी आशा धरू नका.

प्रश्न : तक्रार केली की माणूस येतो, राऊटर बंद-चालू करतो आणि जातो. दुसऱ्या दिवशी परत तेच. यांच्याशी बोलायचं कसं?
– एक वाचक, मिरज

उत्तर : मी टेबलाच्या त्या बाजूला होते म्हणून सांगते. "नेट नाही" म्हटलं की आम्हीही "बंद करून चालू करा" म्हणायचो, कारण दुसरं काही सांगायला हातात माहितीच नसायची. पण "पांढऱ्या डब्यावर एलओएसचा दिवा लाल झालाय" असं कुणी म्हणालं की पेन उचलायचो. त्याचा अर्थ डब्यापर्यंत उजेडच पोचत नाही, लाइन तुटलीय किंवा कुठंतरी दाबली गेलीय. तिथं राऊटर शंभर वेळा बंद-चालू करून उपयोग नाही.

एलओएस लाल नसेल आणि तरी नेट येतं-जातं असेल, तर माणूस घरी आल्यावर त्याला विचारा, "पॉवर किती येतेय?" तो चमकेल. ही विजेची नव्हे, डब्यापर्यंत पोचणाऱ्या उजेडाची ताकद, आणि उत्तर मायनसमध्ये असतं. मायनस वीसच्या आसपास चांगली. मायनस सत्तावीसच्या पलीकडं गेली की डबा कसाबसा जीव धरून असतो, आणि जरा वारा सुटला, पाऊस आला की सुटतो. मग त्याला जोड तपासायला लावा, आणि घरातली पिवळी किंवा काळी बारीक तार तुम्ही स्वतः बघा. दारात चेमटलेली, कपाटामागं करकचून वळवलेली, खिळ्याला गाठ मारून बांधलेली. फायबर म्हणजे काच. ती तांब्याच्या तारेसारखी दुमडायची नसते. मिरजेतच एका घरी मी तीन चकरा मारल्या होत्या, शेवटी कळलं की दुपारी बाल्कनीचं सरकतं दार बंद केलं की नेट जायचं. तार त्या दाराच्या खाचेतून आणलेली होती. आणणारा आमचाच माणूस.

प्रश्न : रात्री झोपताना राऊटर बंद केलेला बरा का? लहरींची भीती वाटते. शिवाय रोज बंद केल्यानं तो खराब होतो का?
– एक आजोबा, सोलापूर

उत्तर : लहरींसाठी बंद करायची गरज नाही, आजोबा. राऊटर घरात साधारण एक दशांश वॅटच्या आसपास लहरी सोडतो, आणि त्या क्ष-किरणांच्या जातीच्या नसतात. तुम्ही कानाला लावता तो फोन त्याहून कितीतरी जवळ असतो. रोज बंद केल्यानं राऊटर खराबही होत नाही. फक्त बटण दाबून बंद करा, पिन ओढून काढू नका, ती सैल होते. दारावर नेटवरचा कॅमेरा बसवला असेल तर मात्र राऊटर चालू ठेवा, रात्री तोच नेमका आंधळा व्हायचा.